शौचालयाचे नूतनीकरण : निवड भांड्याची, विचार माणसांचा

घराचे नूतनीकरण करावयाचे ठरले की चर्चेला सुरुवात होते ती स्वयंपाकघराच्या ओट्यापासून. मग दिवाणखान्यातील फरशी, खिडक्या, कपाटे, भिंतींचे रंग अशी यादी लांबत जाते. शौचालयाचा विषय या यादीत सर्वांत शेवटी येतो आणि बहुधा एखाद्या रविवारी दुकानात उभ्याउभ्याच उरकला जातो. टाइल्सशी रंग जुळला, किंमत अंदाजपत्रकात बसली, की भांडे पसंत!

वास्तविक, घरातील जे निर्णय सहजी फिरवता येत नाहीत त्यांत हा निर्णय अग्रभागी आहे. भिंतीचा रंग दोन वर्षांनी बदलता येतो, पडदे तर केव्हाही. शौचालयाचे भांडे बदलायचे म्हटले की मात्र फरशी फोडावी लागते, मलवाहक नळीला हात घालावा लागतो, वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते आणि तेवढे दिवस घरातील माणसांना शेजाऱ्यांच्या दारी जावे लागते. त्यामुळे एकदा बसवलेले भांडे पंधरा-वीस वर्षे सोबत राहते. या काळात भांडे तसेच राहिले तरी ते वापरणारी माणसे तशीच राहत नाहीत. आज पन्नाशीत असलेले दांपत्य सत्तरीला टेकते, आज रांगणारे मूल कॉलेजात जाऊ लागते, आणि आज ताठ चालणाऱ्या आजी उद्या भिंतीचा आधार शोधू लागतात.

दुकानात आपण ज्या क्रमाने निवड करतो तो क्रम उलटा असतो. आधी रूप, मग किंमत, मग बसवण्याची सोय, आणि कोण वापरणार हा प्रश्न सर्वांत शेवटी, तोही निघाला तर. प्रस्तुत लेखात हाच क्रम सुलटा करून पाहू : आधी माणसे, मग नळी, मग पाणी, मग भिंत व फरशी, आणि अखेरीस रूप.

परसदारापासून घराच्या आत

आपल्याकडे शौचालय घराच्या आत आले त्याला फार काळ लोटलेला नाही. वाड्यांमध्ये ते परसदारी असे, चाळींमध्ये सामाईक गॅलरीच्या टोकाला. स्नानासाठी मोरी किंवा न्हाणीघर निराळे आणि शौचकूप निराळा, ही विभागणी केवळ सोवळ्याओवळ्याची नव्हती. दुर्गंधी घरात येऊ नये हाही त्यामागील सरळ हेतू होता. दुर्गंधीला अटकाव करणारी युक्ती आपल्याकडे रूढ झाली ती पुष्कळ उशिरा.

ही युक्ती म्हणजे ट्रॅप, अर्थात नळीला दिलेला बाक. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराचा बाक असलेल्या फ्लशच्या शौचपात्राचे पेटंट घेतले. त्या बाकात थोडे पाणी सदैव साचून राहते आणि गटारातील वायू त्या पाण्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. आजच्या कोणत्याही कमोडमध्ये जे पाणी तळाशी दिसते ते याच कामासाठी असते. प्लंबर मंडळी त्याला 'वॉटर सील' म्हणतात. शहरी घरांत या पाण्याची खोली साधारणपणे ५० मिलिमीटर असावी लागते.

ही दोन इंचांची पाण्याची भिंत आणि तिच्या पलीकडे वाहते गटार नव्हते, तेव्हा टोपलीचे संडास होते व मैला माणसांच्या डोक्यावरून वाहून नेला जात होता. कणकवलीत गोपुरी आश्रम उभारणारे आप्पासाहेब पटवर्धन या प्रथेविरुद्ध आयुष्यभर झटले. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये 'सुलभ'ची स्थापना केली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस १९९३ च्या व त्यानंतर २०१३ च्या अधिक कठोर कायद्याने बंदी घातली. त्यामुळे शौचालयाची रचना हा निव्वळ सजावटीचा विषय नाही, याचे भान ठेवूनच पुढे जावे.

भारतीय बैठक की पाश्चात्त्य?

नूतनीकरणात पहिला आणि बहुधा सर्वाधिक वादाचा प्रश्न हाच. भारतीय बैठकीचे जे भांडे आज सर्रास मिळते त्याला बाजारात 'ओरिसा पॅन' म्हणतात. पाय ठेवण्याच्या जागा त्यातच घडवलेल्या असतात. त्याचा मुख्य गुण म्हणजे शरीराचा भांड्याला स्पर्श होत नाही. अनेकांनी वापरण्याच्या शौचालयात, किंवा जेथे पाहुण्यांची व कामगारांची वर्दळ असते तेथे हा गुण मोलाचा ठरतो. भांडे स्वस्त असते, धुण्यास सोपे असते, आणि नळाला पाणी नसले तरी बादलीभर पाण्यात काम भागते.

उकिडवे बसण्याचा शारीरिक लाभही खरा आहे. मलाशय व गुदद्वार यांच्यामधील मार्ग 'प्युबोरेक्टॅलिस' नावाच्या स्नायूने एरवी ओढून धरलेला असतो व तेथे एक कोन तयार होतो. उकिडवे बसले असता हा स्नायू अधिक सैल पडतो, मार्ग सरळ होतो आणि कुंथावे कमी लागते. अर्थात, कमोड वापरणाऱ्यांना या लाभास मुकावेच लागते असे नाही. पायाखाली सात-आठ इंच उंचीचा स्थिर पाट किंवा चौरंग ठेवून किंचित पुढे झुकून बसले तर बराचसा तोच परिणाम साधतो.

उलट बाजूही तेवढीच खरी. उकिडवे बसण्यासाठी गुडघा, घोटा व कंबर तिन्ही सांधे पूर्ण वाकावे लागतात. गुडघ्यांची झीज झालेल्या, कंबरेचे दुखणे असलेल्या वा पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला हे दिवसातून दोन-चार वेळा करणे म्हणजे शिक्षाच. गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेल्यांना तर डॉक्टर सहसा उकिडवे न बसण्याचाच सल्ला देतात. शिवाय उतारवयात, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असताना, खाली बसून झटकन उठल्यास रक्तदाब एकदम उतरून घेरी येऊ शकते. ओली फरशी, अरुंद जागा आणि आतून लावलेली कडी, अशा ठिकाणी आलेली घेरी मांडीच्या हाडावर बेतते. एका पडण्याने चालते-फिरते माणूस कायमचे अंथरुणाला खिळल्याची उदाहरणे प्रत्येक कुटुंबाच्या परिचयात असतात.

यावरून एक साधा नियम काढता येतो. घरात दोन शौचालये असतील तर एक भारतीय व एक पाश्चात्त्य ठेवावे, आणि पाश्चात्त्य शौचालय वृद्धांच्या खोलीजवळ असावे. पुष्कळ घरांत याच्या नेमके उलट होते. नवा कमोड मुलगा-सुनेच्या खोलीला जोडलेल्या बाथरूममध्ये बसतो आणि आई-वडिलांच्या वाट्याला सामाईक, जुने भांडे राहते.

एकच शौचालय असेल तर

शहरातील असंख्य लहान सदनिकांत शौचालय एकच असते आणि तेथे खरी ओढाताण होते. आजींना भारतीय बैठकीची सवय असते, कमोडवर पोट साफ होत नाही असे त्या सांगतात. मुलाला वाटते की आज ना उद्या त्यांना कमोड लागणारच. दोघांचेही म्हणणे रास्त असते.

अशा वेळी 'अँग्लो-इंडियन' कमोडचा पर्याय सुचवला जातो. यात बैठक वर केली की कडेला पाय ठेवण्याच्या खाचा दिसतात व वर चढून उकिडवे बसता येते. दोन्ही गरजा एकाच भांड्यात भागतात हे आकर्षण असले तरी जमिनीपासून सव्वा-दीड फुटांवर, ओल्या चिनी मातीवर, तोल सांभाळत बसणे हे तरुणांनाच जमणारे काम आहे. ज्यांच्यासाठी ही सोय करायची त्या वृद्धांना ती धोक्याची आहे. आणि साध्या कमोडवर पाय ठेवून बसणे तर कटाक्षाने टाळावे. ते भांडे तशा भारासाठी घडवलेले नसते. ते फुटले तर त्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात व गंभीर जखमा होतात.

एकच शौचालय असलेल्या घरात, घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या गरजेवरून निर्णय घ्यावा हे उत्तम. धडधाकट माणूस कमोडपुढे पाट ठेवून जुळवून घेऊ शकतो, परंतु गुडघे गेलेले माणूस ओरिसा पॅनशी जुळवून घेऊ शकत नाही. मात्र हा निर्णय त्या माणसाला न विचारता, त्याच्या पाठीमागे घेऊ नये. सत्तर वर्षांची सवय एका दिवसात बदलत नसते. शक्य असेल तर फोडाफोडी करण्यापूर्वी नातलगांकडे वा शेजारी काही दिवस कमोड वापरून पाहण्याची संधी द्यावी. ओरिसा पॅनवर ठेवायची, मध्ये मोकळी जागा असलेली खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळते. तिचाही तात्पुरता उपयोग होतो व फरशी फोडण्याआधी सवयीचा अंदाज येतो.

नळी काय म्हणते?

माणसांचा विचार झाला की दुकानात जाण्याआधी पाहावी ती मलवाहक नळी. कमोडचे दोन मुख्य प्रकार या नळीच्या दिशेवरून पडतात. ज्याचे निर्गमन खाली, फरशीत होते तो 'एस ट्रॅप', आणि ज्याचे मागे, भिंतीत होते तो 'पी ट्रॅप'. जुन्या इमारतींत फरशीतून जाणारी नळी अधिक आढळते. अनेक नव्या इमारतींत नळी भिंतीतून बाहेर डक्टमध्ये जाते.

'एस ट्रॅप' असल्यास मागच्या भिंतीपासून नळीच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर मोजावे. बाजारात ४ इंच, ९ इंच व १२ इंच अशा अंतरांची भांडी प्रामुख्याने मिळतात. येथे एक सूक्ष्म परंतु महागात पडणारी चूक संभवते. हे अंतर तयार भिंतीपासून, म्हणजे नव्या टाइल्स लागल्यानंतरच्या पृष्ठभागापासून धरावयाचे असते. जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवणार असाल तर सुमारे पाऊण इंच कमी होतो, आणि नऊ इंचांचे भांडे भिंतीला अडते. 'पी ट्रॅप'मध्ये फरशीपासून नळीच्या मध्यापर्यंतची उंची पाहावी लागते. ती सर्वसाधारणपणे १८० ते १८५ मिलिमीटर असते. जुन्या फरशीवर नवी फरशी चढली की हीसुद्धा उंची बदलते. म्हणून मापे घेऊन, कागदावर मांडून, ती प्लंबरकडून तपासून घ्यावीत व मगच भांडे खरेदी करावे.

ओरिसा पॅन काढून तेथे कमोड बसवताना आणखी एक गोष्ट जरूर पाहावी. ओरिसा पॅनला स्वतःचा ट्रॅप नसतो. तो फरशीखाली वेगळा बसवलेला असतो. कमोडमध्ये मात्र ट्रॅप भांड्यातच असतो. काम लवकर उरकण्यासाठी काही कारागीर खालचा जुना ट्रॅप तसाच ठेवून त्यावर कमोड बसवतात. मग एकामागोमाग दोन ट्रॅप होतात, मध्ये हवा अडकते, पाणी चढून सावकाश उतरते आणि वरचेवर तुंबते. गृहस्थ नव्या कमोडला दोष देतो, दोष असतो फरशीखाली. जुना ट्रॅप काढला की नाही हे काम चालू असतानाच डोळ्यांनी पाहावे आणि शक्यतो छायाचित्र काढून ठेवावे.

याउलट, कमोड काढून भारतीय भांडे बसवायचे असेल तर भांडे व ट्रॅप मिळून सुमारे दीड फूट खोली लागते. स्लॅब तेवढा खाली घेतलेला नसेल तर चौथरा बांधून एक-दोन पायऱ्या कराव्या लागतात. पायऱ्या आल्या की वृद्धांसाठी नवी अडचण आली, हे ध्यानात घ्यावे.

शौचालयाची जागाच हलवण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. चार इंची नळीला मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर उतार लागतो. डक्टपासून भांडे जितके दूर, तितकी फरशी उंच. शिवाय आपले शौचालय खालच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर येत असेल तर इमारतीच्या नियमांचाही प्रश्न उभा राहतो.

जमिनीवरचा कमोड की भिंतीवरचा?

हल्ली भिंतीला टांगलेल्या, 'वॉल हंग' कमोडचे आकर्षण फार वाढले आहे. फरशी मोकळी राहत असल्याने खालून पुसता येते, लहान बाथरूम मोठे भासते आणि बैठकीची उंची बसवतानाच ठरवता येते. उंच माणसे व वृद्ध यांच्यासाठी हा शेवटचा गुण खरोखर उपयुक्त आहे.

परंतु हे भांडे पूर्णतः भिंतीवर किंवा भिंतीतील लोखंडी चौकटीवर तोललेले असते. नामांकित चौकटी ४०० किलो भार सोसतील अशा चाचणीतून गेलेल्या असतात. प्रश्न चौकटीचा नसून ती ज्यात रुतवायची त्या भिंतीचा असतो. साडेचार इंची अर्ध्या विटेच्या किंवा पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर केवळ दोन बोल्टच्या आधाराने असा कमोड टांगणे धोक्याचे आहे. तेथे फरशीवर पाय रोवून उभी राहणारी चौकट घ्यावी व तिच्यापुढे नवी भिंत बांधावी. या भिंतीत सहा ते आठ इंच जागा जाते. चार फूट रुंदीच्या बाथरूममध्ये ती परवडेल काय, याचा विचार आधीच व्हावा.

भिंतीत दडवलेल्या टाकीबद्दलही एक दक्षता घ्यावी. टाकीतील झडप व रबरी भाग कधी ना कधी झिजतातच. ते बटणाच्या झाकणामागील जागेतून बदलता येतील असेच मॉडेल घ्यावे आणि त्याचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात ना, याची चौकशी करावी. ज्या कंपनीचा प्रतिनिधी जिल्ह्याच्या ठिकाणीही नाही, तिची सुंदर टाकी पाच वर्षांनी भिंत फोडावयास लावते. साधी, कमोडवर बसणारी टाकी दिसायला जुनी वाटते खरी, पण कोणताही प्लंबर अर्ध्या तासात दुरुस्त करतो.

टाकीऐवजी थेट नळीतून पाणी सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह हवा असेल तर पाण्याचा दाब पाहावा. गच्चीवरील टाकीच्या लगतच खाली, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर, हा दाब पुरेसा नसतो. तेथे टाकीच बरी.

पाण्याचा हिशेब

राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती वापरासाठी पाण्याचे जे प्रमाण धरले जाते, त्यात फ्लशसाठी माणशी दिवसाला ४५ लिटर इतका वाटा गृहीत धरलेला आहे. म्हणजे आपल्या पाण्याचा मोठा भाग धुवायला वा प्यायला नव्हे, तर ढकलायला जातो.

एक साधा हिशेब मांडू. घरात चार माणसे आहेत व प्रत्येक जण दिवसातून पाच वेळा फ्लश वापरतो असे धरा. दहा लिटरची जुनी टाकी असेल तर दिवसाला २०० लिटर पाणी लागते. त्याजागी सहा व तीन लिटरची दोन बटणांची टाकी बसवली, आणि प्रत्येकाने एकदा मोठे व चार वेळा लहान बटण वापरले, तर ७२ लिटर पुरतात. दिवसाला १२८ लिटरांची बचत! चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत हा आकडा पाच हजार लिटरांच्या वर जातो. एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या वस्त्यांना याचे मोल सांगावयास नको.

मात्र केवळ जुन्या भांड्यावर नवी लहान टाकी बसवून हा लाभ मिळेलच असे नाही. दहा लिटर पाण्यासाठी घडवलेले भांडे तीन-सहा लिटरांत नीट साफ होत नाही, मग बटण दोनदा दाबले जाते आणि बचत तेथेच संपते. भांडे व टाकी जोडीनेच घ्यावी. तसेच झडप गळत असेल तर रात्रंदिवस बारीक धार वाहत राहते व कळतही नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. रंग भांड्यात उतरला तर झडप बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

पाणी ढकलण्याच्या पद्धतीवरूनही भांड्यांत फरक पडतो. 'वॉशडाउन' भांड्यात पाणी वरून जोराने येऊन मैला ढकलते. त्याचा मार्ग रुंद असतो आणि बादलीने पाणी ओतले तरी काम होते. 'सायफॉनिक' भांड्यात पाणी ओढून घेतले जाते. ते आवाज कमी करते व अधिक स्वच्छ राहते, परंतु त्याचा बाक अरुंद असतो व त्याला एकदम पुरेसे पाणी लागते. जेथे पाणी ठरावीक वेळीच येते, तेथे वॉशडाउन हीच शहाणपणाची निवड.

गावाकडच्या घरासाठी

कोकणात किंवा देशावर वडिलोपार्जित घराची डागडुजी करताना शहरातील नमुना तसाच उचलून नेला जातो. गावात बहुधा भुयारी गटार नसते. तेथे सेप्टिक टँक किंवा दोन खड्ड्यांचे शौचालय असते. दोन खड्ड्यांच्या पद्धतीसाठी मिळणाऱ्या ग्रामीण भांड्याचा उतार २५ ते २८ अंश इतका तीव्र व वॉटर सील केवळ २० मिलिमीटर असते, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. तेथे शहरी कमोड जोडला तर पाणी कितीतरी अधिक जाते, खड्डा लवकर भरतो आणि ओल लवकर आटत नाही. वृद्धांसाठी कमोड आवश्यकच असेल तर कमी पाण्याचा घ्यावा व विहिरीपासून खड्डा पुरेसा दूर आहे ना, हे पाहावे.

सेप्टिक टँक असलेल्या घरात आम्ल व जंतुनाशके सढळ हाताने ओतू नयेत. मैला कुजवणारे जिवाणू त्यामुळे मरतात. आणि टँक भरला तर तो यंत्रानेच उपसून घ्यावा. कोणाही माणसाला त्यात उतरवू नये. कायद्याने त्यास बंदी आहे, आणि आतील विषारी वायूंनी माणसे दगावल्याच्या वार्ता अजूनही थांबलेल्या नाहीत.

आपली फरशी, शेजाऱ्याचे छत

भांडे कितीही उत्तम निवडले तरी त्याखालील काम कच्चे असेल तर सहा महिन्यांत खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओलीचा नकाशा उमटतो आणि वर्षानुवर्षांचा शेजार बिघडतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक इत्यादींमुळे सदनिकेत अंतर्गत गळती झाली तर तिचा खर्च त्या सभासदाने सोसावयाचा असतो. म्हणून काम काढण्यापूर्वी संस्थेला लेखी कळवून परवानगी घ्यावी आणि खालच्या शेजाऱ्यालाही विश्वासात घ्यावे. त्यांच्या छताची आजची छायाचित्रे दोघांनी मिळून काढून ठेवली तर पुढील वाद टळतात.

जुना कोबा काढल्यावर स्लॅब स्वच्छ करून भेगा व नळ्यांभोवतीच्या फटी बुजवाव्यात. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवर व भिंतींवर किमान फूटभर, तर स्नानाच्या जागी डोक्याच्या उंचीपर्यंत न्यावा. त्यानंतर पाणी भरून किमान २४ तास, शक्यतो ४८ तास ठेवावे व खालच्या छताचे निरीक्षण करावे. कारागिराला पुढच्या कामाची घाई असते, तो ही पायरी गाळू पाहतो. येथे मात्र मालकाने हटून बसावे. भरावासाठी जड डबराऐवजी हलके ब्लॉक वापरल्यास जुन्या स्लॅबवरील भार कमी होतो.

जेट स्प्रेची नळीही पुराला कारण होते. तिच्या मागील कॉक सतत उघडा राहिला तर नळीवर दिवसरात्र दाब राहतो, आणि घर बंद असताना ती फुटली तर घरभर पाणी होते. गावाला जाताना तो कॉक बंद करण्याची सवय सर्वांना लावावी.

उंची, आधार आणि उजेड

साध्या कमोडची बैठक १५-१६ इंचांवर असते. उठताना गुडघ्यांना त्रास होणाऱ्यांसाठी १७ ते १९ इंच उंची सोयीची ठरते. मात्र ठेंगण्या व्यक्तीचे पाय अधांतरी राहतील इतकी उंची नसावी. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत १५ इंच आणि समोर निदान २१ ते २४ इंच मोकळी जागा ठेवावी. पुढेमागे कुणाला धरून बसवण्याची वेळ आली तर तेवढी जागा लागतेच.

आधाराचे दांडे आज नको असतील तरी ते बसवण्यासाठी लागणारी मजबुती भिंतीत आजच करून घ्यावी. टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, वजन पडले की तो उखडून हातात येतो. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारे दार अडते व मदत पोहोचत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी घ्यावी. टाइल्स खरखरीत व दिवा भरपूर उजेडाचा असावा. भांडे व फरशी एकाच पांढऱ्या रंगाची असतील तर अधू दृष्टीच्या माणसाला कमोडची कड दिसत नाही. म्हणून रंगात फरक ठेवावा. रूपाचा विचार येथे येतो, आणि तो असा उपयोगाच्या अंगाने आला तर अधिक शोभतो.

साफसफाईबाबत एवढेच सांगावेसे वाटते की आम्लाचा अतिवापर सांध्यांतील सिमेंट व धातूचे नळ खातो आणि पाणी झिरपण्यास वाट करून देतो. आम्ल व ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून निघणारा क्लोरिन वायू बंद बाथरूममध्ये जीवघेणा ठरू शकतो.

दुकानात जाताना खिशात तीन गोष्टी असाव्यात : नळीची मापे, पाण्याच्या वेळा व दाब यांची नोंद, आणि घरातील प्रत्येक माणसाचे वय. पहिल्या दोन गोष्टी प्लंबर विचारील. तिसरी कोणी विचारणार नाही, ती आपणच आठवणीने मांडली पाहिजे. दुसऱ्याच्या मदतीविना, दार लावून, आपले आपण उरकता येणे ही म्हातारपणी फार मोठी श्रीमंती असते. घराच्या नूतनीकरणात ती चार-दोन इंचांच्या फरकाने राखता येते किंवा गमावली जाते.